रतनताई आणि बारा एमएमची काच

"सपाट पाहिजे आणि चकचकीत पाहिजे," उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "ट्यूबलाइट समोर धरली की पॅनलमध्ये तिची रेघ सरळ दिसली पाहिजे. जरा जरी वळली, तरी मी घेणार नाही."

दोन हजार सालचा जानेवारी. एक तारखेला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोंब होती. ते काही पडले नाहीत, उलट हिंजवडीच्या वावरांत कॉम्प्युटरवाल्यांच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. त्यातल्याच एका कंपनीच्या रिसेप्शनची भिंत या मॅडम सजवत होत्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या आर्किटेक्ट, बोलणं तोलूनमापून. त्यांना हवी होती पांढरीशुभ्र, आरशासारखी भिंत. साठ पॅनल. आणि मी, श्रीनिवास भागवत, राहणार कसबा पेठ, धायरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि वॉचमनच्या केबिन करणारा माणूस, छाती फुगवून म्हणालो, "सोमवारी या. सॅम्पल तयार असेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हा माझा जुना रोग. दुसरा रोग म्हणजे डोकं लवकर फिरतं. या गोष्टीत दोन्ही रोग येणार आहेत, पण गोष्ट माझी नाही. रतनताईंची आहे.

रतन पोकळे धायरी गावठाणातल्या. नवरा संभाजी, तो सहा आसनी रिक्षा चालवायचा. शेड सुरू झाली तेव्हा ताई झाडलोट करायला आल्या आणि वर्षभरात मेणाच्या फडक्यापर्यंत पोचल्या. फायबरचं काम समजायला सोपं आहे. मोल्डवर मेण घासायचं, म्हणजे माल चिकटत नाही. त्यावर रंगाचा घट्ट थर द्यायचा, त्याला जेलकोट म्हणतात. मग काचतंतूंची मॅट अंथरून तिला रेझिन पाजायचं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि वाळलं की उचकटायचं. मोल्डचं तोंड जसं, तसं मालाचं तोंड. मोल्डवर केस राहिला तर मालावर केस उठतो.

यातलं मेण बायकांचं आणि रोलर पुरुषांचा, असा आमच्या धंद्यातला न लिहिलेला नियम. रोलरवाला तो कारागीर. मेणवाली ती हेल्पर. ताई सहा वर्षं मेण घासत होत्या. पॉलिशची पेस्ट, मग मेण, मग कोरडं फडकं. हातातल्या बांगड्यांचा ओरखडा मोल्डवर उठू नये म्हणून बांगड्या कोपराकडे सारून त्यांच्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायच्या. बांगड्या काढणं त्यांच्यात बसत नव्हतं आणि मोल्डवर ओरखडा तर अजिबातच बसत नव्हता. घासून घासून त्यांच्या बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली होती, की हजेरीपुस्तकात अंगठा लावला तर शाईचा नुसता गोळा उठायचा. मी चेष्टा करायचो, "ताई, चोरी करा, पोलिसांना सापडायच्या नाहीत."

दर दिवाळीला त्या विचारायच्या, "सायेब, रोलर कवा देताय?"

मी म्हणायचो, "पुढच्या जन्मी. अर्ज आत्ताच करून ठेवा."

त्या हसायच्या. मला वाटायचं, बाईला विनोद कळतो.

तर सॅम्पल. सगळा प्रश्न एकाच गोष्टीचा होता, मोल्ड कशाचा घ्यायचा? टाकीचा मोल्ड फायबरचाच असतो, त्यात ट्यूबची रेघ धरली तर नागपंचमीच्या चित्रासारखी दिसते. मंगळवारी आम्ही प्लायवूडवर सनमायका चिकटवून पॅनल काढलं. चकाकी बरी होती, पण रेझिन वाळताना तापतं, त्या तापानं सनमायका तीन ठिकाणी फुगला. पॅनलवर तीन खळगे. बुधवारी मी स्वतः जाऊन आरशासारखा स्टीलचा पत्रा आणला. लांबून बघितलं तर वा! ट्यूब धरली तर रेघ मुळा-मुठेच्या वळणानं निघाली. पत्रा पातळ होता, दाबला की डुबुक व्हायचा. जाड पत्र्याला तशी पॉलिश मिळेना.

गुरुवारी दुपारी मी डबा न खाता शेडमध्ये येरझारा घालत होतो. आमचे मुख्य कारागीर भीमराव वानखेडे, वर्ध्याचे, चौदा वर्षं रोलर फिरवलेला माणूस, ते म्हणाले, "साहेब, ग्रॅनाइट घेऊन पाहू का जी?"

"ग्रॅनाइटला बारीक भोकं असतात, भीमराव. आणि उचलणार कोण, तुमचे सासरे?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "काच घ्या."

रतनताई भाकरी हातात धरून उभ्या होत्या.

"काच," मी म्हटलं. "फुटते ती काच?"

"जाड घ्या. शोकेसची असती तसली. सायेब, आमी तांदळाच्या पापड्या वाफवतो ना, पयल्यांदा पानावर घालायचो, तर पानाच्या शिरा उठायच्या. मग ताटलीवर घालाय लागलो. तर सासूबाईचं नाव ताटलीवर कोरल्यालं, ते पापडीवर उलटं उठायचं. एकदा ताटल्या कमी पडल्या म्हणून फोटोची काच काढून तिच्यावर एक घातली." त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे समोर धरले. "त्या पापडीत माझं तोंड दिसलं वो! काचंवानी सपाट दुसरं काय बी न्हाई. न्हाई पटत तर बगा करून."

मला पटलं. पटलं म्हणून राग आला, कारण डिप्लोमा माझ्याकडे होता.

"काच तापली की तडकते," मी म्हटलं.

"एकदम जाड थर दिला तर तापंल. पातळ द्यायचा, थांबायचं, मग दुसरा. म्या करते."

"तुम्ही करता?"

"मोल्ड म्या सांगितला, तर पॅनल बी म्या करणार. रोलर द्या. जमलं तर कायमचा माझा."

शेडमधले चार जण काम थांबवून बघत होते. भीमरावांनी आपला रोलर पुसला. मी म्हटलं, "आणि काच फुटली तर?"

"तर परत फडकं. पुन्यांदा इचारणार न्हाई."

"ठरलं. सगळ्यांनी ऐकलंय."

शुक्रवारी सकाळी काच आली. बारा एमएम, चार बाय अडीच फूट, पडक्या दुकानाच्या शोकेसची नाही, चांगली नवी कोरी. लाकडी टेबलावर लालसर प्लाय, त्यावर काच. ताईंनी बांगड्यांना पट्ट्या गुंडाळल्या आणि सुरुवात केली. मेणाचे चार हात दिले, प्रत्येक हातानंतर वाळायला अर्धा तास. त्या काचेवर वाकून श्वास सोडायच्या, वाफ कशी पसरते ते बघायच्या, परत घासायच्या. मी नवीन मोल्डला नारळ फोडल्याशिवाय कामाला हात लावू देत नाही. ही आमच्या वडिलांची शिस्त. ताई नळावर हात धुवायला गेल्या तेव्हा मी टेबलाच्या चारी पायांना हळदकुंकू लावलं, दारात नारळ फोडला आणि परत येऊन काचेकडे बघत उभा राहिलो. काय सुंदर दिसत होती! छपराचे पत्रे, वासे, माझं टक्कल, सगळं तिच्यात. कौतुकानं हात टेकून बघितलं आणि बाजूला झालो.

मग ताई आल्या. सहा वर्षं थांबलेली बाई रोलर हातात घेतल्यावर घाई करेल असं मला वाटलं होतं. छे! पांढरा जेलकोट असा लावला, जशी घरची सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटते. थांबल्या. बोटाच्या पाठीनं चिकटपणा बघितला. मॅट अंथरली, रेझिन पाजलं, रोलर मधून कडेकडे, मधून कडेकडे. भीमराव मागे हात बांधून उभे होते. एकदाच म्हणाले, "बाई, हात तयार आहे तुमचा." ताईंचे कान लाल झाले. दुसरा थर संध्याकाळी पाचला दिला. काच तडकली नाही!

शनिवारी सकाळी दहा वाजता पॅनल काढायचं. लाकडी पाचर कडेला घातली, फटीतून पाणी सोडलं, रबरी हातोडीनं टकटक. एक कड सुटली. दुसरी सुटली. फट्‌ फट्‌ आवाज करत पॅनल उठायला लागलं, मी तर नाचायच्या बेतात होतो, आणि उजव्या कोपऱ्यात ते अडलं. ताईंनी हळूच ताण दिला. काचेतून एक आवाज आला, बंदुकीच्या गोळीसारखा, आणि काच आरपार तडकली.

पॅनल हातात आलं होतं. त्याच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काचेचा टवका चिकटून राहिला होता आणि टवक्याखाली लालपिवळा डाग होता.

"हळदकुंकू!" मी ओरडलो. "ताई, अहो, मोल्डवर हळदकुंकू लावलंत? मेण निघालं तिथलं! चिकटणार नाही तर काय होणार? सकाळी खंडोबाच्या फोटोला लावता ते कमी पडलं का? गाढवापुढे वाचली गीता! सहा वर्षं मेण घासून एवढंही कळू नये? म्हणून रोलर देत नव्हतो मी, म्हणून!"

"साहेब, काहून ओरडता जी," भीमराव म्हणाले. "बाई धुतल्या हाताशिवाय काचेला शिवत नाहीत."

"मग काय तुम्ही लावलंत?"

भीमराव बौद्ध. त्यांच्या बाकाशेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि नारळ फोडायला मी उभा राहिलो की ते न बोलता बाहेर जाऊन विडी ओढून येतात. 

रतनताईंनी कोपऱ्यावर वाकून तो टवका नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग रोलर थिनरच्या डब्यात धुतला, पुसला आणि भीमरावांच्या बाकावर ठेवला. बांगड्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. फडकं खुंटीला टांगलं आणि घरी गेल्या.

रविवारी मी एकटाच शेडवर गेलो. सोमवारी मॅडमना काय दाखवायचं? सनमायकाचे खळगे? रागाच्या भरात ते पॅनल मी भिंतीला उलटं टेकवून ठेवलं होतं, ते फेकून द्यावं म्हणून उचललं आणि सुलटं केलं. दाराच्या चौकटीचं प्रतिबिंब त्यात पडलं. चौकट सरळ! मी धावत जाऊन हातात धरायची ट्यूब आणून लावली. रेघ अशी, जशी सुतारानं दोरी मारून काढावी. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पांढऱ्या पॅनलमध्ये, सरळ! मी एकटाच ओरडलो, "अहो ताई, जमलंय हो!" शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

रेघ सरकवत सरकवत मी उजव्या कोपऱ्यात आलो. टवक्याखालचा डाग ट्यूबच्या उजेडात नीट दिसला. डाग नव्हता तो. बोटाचा ठसा होता. कुंकवात उठलेला, काचेखाली जपून ठेवल्यासारखा, एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्पष्ट. आणि त्या रेघांच्या मधून एक आडवी खाच गेली होती, चंद्रकोरीसारखी.

मी माझा उजवा हात वर केला. करंगळीशेजारचं बोट. एकोणनव्वद साली ग्राइंडरनं कापलेलं, चार टाके पडलेले, चंद्रकोरीसारखे.

टेबलाच्या पायांना कुंकू लावून झाल्यावर मी काचेला हात टेकून बघितलं होतं. कौतुकानं. याच बोटानं, कुंकू न पुसता. चोराच्या उलट्या बोंबा!  मी रेझिनच्या पिंपावर बसलो आणि स्वतःला दोन-चार अशा शिव्या दिल्या, ज्या मी आजवर फक्त महापालिकेला दिल्या होत्या. मग हॅकसॉनं पॅनलचा तो कोपरा कापला, पिशवीत घातला आणि स्कूटर गावठाणाकडे काढली.

ताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच तुकडा पुढे केला. "ताई, बोट माझं आहे. काच माझ्यामुळे फुटली. तुम्हाला नको नको ते बोललो, चौघांसमोर. चुकलं माझं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण तुकडा हातात घेतला नाही. "ठाव हाय मला. कालच दिसलं."

"कालच? मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे माझं तोंड बंद झालं असतं!"

"चौघांच्या म्होरं मालकाचं बोट दाखवून रोलर मिळाला असता का, सायेब? आपुन सांगा."

मी तुकडा परत पिशवीत घातला. 

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. दहाही बोटं गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. "आन् तुमाला तरी कसं वाटलं ते माझं बोट? दर म्हयन्याला हजेरीत माझा अंगठा बगता, चेष्टा करता. माझ्या बोटावर उठाय काय ऱ्हायलंय? सहा वरसं तुमचे मोल्ड घासले मी."

मी तिथेच ओसरीवर खाली बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी मला पाण्याचा तांब्या दिला, एवढंच.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आज रइवार. काच कुठून आननार?"

मी उठलोच. "काच आहे! बारा एमएम! माझ्या घरी!"

आमच्या कसब्यातल्या घरी जेवणाचं टेबल होतं, काचेचं. शर्मिलानं, म्हणजे बायकोनं, दोन वर्षं मागे लागून घेतलेलं. मी आणि भीमराव टेम्पो घेऊन दारात उभे राहिलो तेव्हा ती ताटं मांडत होती. मी ताटं उचलून ओट्यावर ठेवली.

"आणि जेवायचं कशावर?" तिनं विचारलं.

"पाटावर. पूर्वीचे लोक काय उपाशी मरायचे?"

"बरं. मग स्वयंपाकही पूर्वीच्या लोकांकडूनच करून घ्या," ती म्हणाली आणि काचेचं दुसरं टोक स्वतः धरून जिन्यापर्यंत आली.

दुपारी एकला ताईंनी बांगड्यांना पट्ट्या गुंडाळल्या. मेणाचे चार हात. मी दहा फुटांवर, दोन्ही हात पाठीशी. नारळ बाहेर रस्त्यावर फोडला आणि हात साबणानं तीनदा धुतले, तरी ताई म्हणाल्या, "तितंच थांबा." साडेचारला जेलकोट, मग पहिला थर. दुसरा थर दिला तेव्हा दिवे लागले होते. भीमरावांनी न सांगता मॅट कापून दिली. चौदा वर्षांत हेल्परचं काम त्यांनी पहिल्यांदाच केलं असेल.

सोमवारी मॅडम दहाच्या ऐवजी साडेनवालाच हजर! पॅनल अजून काचेवर.  ताईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पाचर घातली, पाणी सोडलं. टकटक. फट्‌. दुसरी कड. फट्‌ फट्‌ फट्‌. उजव्या कोपऱ्याशी त्या थांबल्या, मी डोळे मिटले. मग एक ओला, मोकळा आवाज आला, गूळपोळी तव्यावरून सुटावी तसा. डोळे उघडले तर अख्खं पॅनल ताईंच्या हातात, आणि खाली काच जशीच्या तशी!

मॅडमनी ट्यूब धरली. डावीकडून उजवीकडे नेली. परत आणली. तिरकी धरली. रेघ जागची हलली नाही. ती तोलूनमापून बोलणारी मुलगी चक्क शिट्टी वाजवून म्हणाली, "ओह माय गॉड, काय फिनिश आहे! मोल्ड कशाचा घेतलात?"

"जेवणाच्या टेबलाचा," मी म्हटलं.

"आणि काम कुणी केलं?"

 भीमराव माझ्याकडे बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "रतन पोकळे. आमच्या कारागीर. काचही यांनीच सुचवली. शनिवारी एक काच फुटली, ती माझ्या बोटामुळे. यांच्याकडून नाही."

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. भीमरावांनी बाकावरचा रोलर उचलला, आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या बाई. हा तुमचाच."

साठ पॅनल झाली, साठही काचेवर. त्या हिंजवडीच्या भिंतीपुढे आज कुणी उभं राहिलं तर ट्यूब सरळच दिसेल. शर्मिलाला नवं टेबल आलं, लाकडी. काचेचं नाव काढलं तर ती अजून माझ्याकडे बघते. शेडचा पॅनल विभाग ताई सांभाळतात, त्यांच्या हाताखाली सात जण रोलर फिरवतात, त्यात तिघी बायका. अर्ज पुढच्या जन्मी करायचे दिवस संपले.

तो कापलेला कोपरा मी फेकून देणार होतो. ताईंनी टाकू दिला नाही. दाराशी, हात धुवायच्या नळावर, खिळ्याला टांगलाय. त्यावर काही लिहिलेलं नाही. कामाला नवीन कुणी लागलं, की काचेखालचा तो कुंकवाचा ठसा बघून हमखास विचारतं, "ताई, हे बोट कुणाचं?"

"सायबांचं," ताई रोलर न थांबवता सांगतात. "माझं उठत न्हाई."